साठवलेलं खाऊन संपलं, म्हणून हक्क संपत नाही

रक्तदाबाची गोळी रोज एक घ्यायची असते. या घरात ती एक दिवसाआड घेतली जात होती.

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नऊ वर्षं हाउसकीपिंगचं काम केलेल्या एका भावाचं हे घर. वय चव्वेचाळीस. या नऊ वर्षांत ठेकेदार तीन बदलले. इमारत तीच, मजले तेच, झाडूपोछाही तोच. नोव्हेंबर संपताना सुपरवायझरने सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, नवीन ठेकेदार आपली माणसं घेऊन येतोय." पगार होता महिना पंधरा हजार.

पुढचे पाच महिने घर चाललं ते साठवलेल्या पैशावर. आधी पीएफ काढला. मग भिशीचा नंबर लागला, ते पैसे गेले. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हा भाऊ रोज सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचा आणि वाकडच्या बागेत बसून संध्याकाळी परत यायचा. १४ एप्रिलच्या वर्गणीला त्याने दरवर्षीप्रमाणे ५०१ रुपये दिले. गोळ्या मात्र एक दिवसाआड.

त्याच्या पत्नीला हे कळलं गोळ्यांच्या पाकिटावरून. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरलं कसं, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काम गेलं म्हणजे ईएसआयचं कार्डही गेलं. बाहेर विकत घ्यायच्या तर पैसे कुठून आणू?"

"मग तो बेकारीचा भत्ता म्हणतात, तो तरी मागा ना."

"आता? पाच महिने झाले. ते विचारतील, इतके दिवस काय खाल्लं? एफडी होती, पीएफ काढला, सगळं निघेल बाहेर. आपल्यालाच खोटं ठरवतील. वर लोक म्हणतील, पैसे असून हात पसरतो."

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट एका घराची नाही. तीन-चार घरांची मिळून सांगितली आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. या भावाच्या बोलण्यात तीन भीती आहेत. कार्ड गेलं ही एक, उशीर झाला ही दुसरी, आणि घरात पैसे होते म्हणून आपला हक्क नाही ही तिसरी. तिन्ही चुकीच्या आहेत. त्यांच्यापायी माणूस औषध सोडतो, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

ही मदत नाही, विमा आहे

आपल्याला सवय झाली आहे ती उत्पन्नाच्या दाखल्याची. रेशन कार्ड पिवळं की केशरी, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल, जिथे जावं तिथे "उत्पन्न किती?" हाच पहिला प्रश्न. त्यामुळे सरकारी पैसा म्हटला की तो फक्त हात रिकामे झालेल्यालाच मिळतो, असं आपण धरून चालतो.

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तो या प्रकारातला नाही. जुन्या पगारपत्रकात बघा. पगार पंधरा हजार असेल तर ईएसआयच्या नावाने दर महिन्याला सुमारे ११३ रुपये कापलेले दिसतील. हे पगाराच्या ०.७५ टक्के होतात. मालकाने त्यात ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८ रुपये स्वतःचे घालायचे असतात. हे दर जुलै २०१९ पासून आहेत. म्हणजे महिन्याला जवळपास ६०० रुपये तुमच्या नावाने विम्यात जमा होत होते. गाडीचा विमा भरणाऱ्याला अपघातानंतर कोणी विचारत नाही, की तुझ्या बँकेत किती शिल्लक आहे. इथेही तसंच आहे.

या विम्यात बेकारीच्या काळासाठी 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती ५० टक्के केली आणि अटीही सैल केल्या. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात, आणि तेही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत ठरावीक असते आणि वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्यावी.

हिशेब असा. बेकार होण्याआधीच्या दोन वर्षांतली एकूण कमाई धरायची आणि तिला ७३० दिवसांनी भागायचं. पंधरा हजार महिना असेल तर दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार. त्याला ७३० ने भागलं की रोजचे सुमारे ४९३ रुपये. त्याचे निम्मे २४६ रुपये. ९० दिवसांचे झाले साधारण २२ हजार. या पैशाने घर उभं राहत नाही, पण मोडलेल्या एफडीतली थोडी भर निघते, चार महिन्यांचं भाडं निघतं.

या अर्जासाठी घरात किती शिल्लक आहे, सोनं आहे का, बायको कामाला जाते का, याची अट नाही. पीएफ काढला म्हणूनही हा भत्ता बुडत नाही. पीएफ ही तुमची स्वतःची जमा आहे, तिचं कार्यालय वेगळं. म्हणून "इतके दिवस काय खाल्लं?" या प्रश्नाला घाबरू नका. कोणी विचारलंच तर सरळ सांगा, साठवलेलं खाल्लं. संसार वाचवण्यासाठी स्वतःचे पैसे वापरले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

उशीर झाला म्हणजे किती?

अर्ज काम सुटल्यावर ३० दिवसांनी करता येतो. पूर्वी यासाठी ९० दिवस थांबावं लागे. आणि काम सुटल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. म्हणजे नोव्हेंबरअखेर काम सुटलेल्या या भावाला एप्रिलमध्येही बराच वेळ हातात आहे. मात्र "आधी हे पैसे संपू दे, मग बघू" असं म्हणत बसलं तर वर्ष कधी उलटतं ते कळत नाही. साठवलेलं संपायची वाट बघू नका. ते हातात असतानाच अर्ज करा.

मध्येच दुसरं काम लागलं तरी अर्ज वाया जात नाही. जितके दिवस बेकार होता, तितक्या दिवसांचे पैसे मागता येतात. मात्र मधल्या काळात कुठे काम केलं असेल तर ते लपवू नका. खोटी माहिती देणं या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसं सिद्ध झालं तर भत्ता मिळतच नाही.

कोणाला मिळतो, कोणाला नाही

काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं ईएसआयखालच्या नोकरीत असायला हवं. वर्षाचे दोन भाग धरतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा विमा भरलेला हवा, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तरी ७८ दिवस हवेत. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं हवं.

गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊन काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला, आणि स्वतःहून नोकरी सोडलेल्याला हा भत्ता मिळत नाही.

यातली शेवटची अट आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडते. ठेका बदलताना कोऱ्या कागदावर सही घेतात किंवा म्हणतात, "राजीनामा लिहून दे, म्हणजे हिशेब लवकर होईल." हिशेब पंधरा दिवस आधी मिळतो, पण कागदावर मात्र तुम्ही स्वतःहून काम सोडलेलं असतं. म्हणून काम जात असेल तेव्हा राजीनामा लिहून देऊ नका. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर "उद्यापासून येऊ नका" असा जो मेसेज आला असेल तो जपून ठेवा, गेट पास बंद झाल्याची तारीख वहीत लिहा, सोबतच्या दोघा-तिघांची नावं लिहून ठेवा. मालक ऑनलाइन नोंदीत तुमचं काम का सुटलं याचं कारण भरतो. ते काय भरलं आहे हे शाखा कार्यालयात विचारा.

कारखानाच बंद पडला किंवा कायद्याने कामगारकपात झाली असेल, तर 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' ही वेगळी योजना आहे. ती १ एप्रिल २००५ पासून चालू आहे आणि तिची मुदत मोठी आहे. तिथे पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के मिळतात. चाकण-भोसरीकडे कंपनी बंद पडून बाहेर आलेल्यांनी आधी हिची चौकशी करावी. दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत.

औषध बंद करू नका, कार्ड अजून चालतं

आता त्या एक दिवसाआडच्या गोळीकडे येऊ.

काम सुटलं त्या दिवशी ईएसआयचा दवाखाना बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७८ दिवसांचा विमा भरलेला असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरले असतील, तर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत. आपल्या या भावाने एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण काम केलं होतं. म्हणजे ३० जूनपर्यंत त्याला, त्याच्या पत्नीला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलांना पॅनेल डॉक्टर, ईएसआयचा दवाखाना आणि चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय खुलं होतं. पाच महिने तो ज्या गोळ्या निम्म्या घेत होता, त्या त्याला फुकट मिळणार होत्या. शिवाय बेकारीचा भत्ता मिळतो त्या काळात उपचारांचाही हक्क असतो.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही म्हणून गोळी नको, असं वाटतं. पण गोळी मध्येच सोडली किंवा एक दिवसाआड घेतली की दाब पुन्हा चढतो, आणि अर्धांगवायू, हृदयविकार, मूत्रपिंड खराब होणं यांचा धोका वाढतो. साखरेच्या गोळ्यांचंही तेच. मिरगी, थायरॉइड, मानसिक आजार आणि क्षयाची औषधं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच थांबवू नयेत. कमावता माणूस अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, तर उरलेली सगळी बचत एका महिन्यात जाते.

ईएसआयची मुदत खरंच संपली असेल तरी वाट बंद नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. हिंजवडीकरांसाठी औंधचं जिल्हा रुग्णालय आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जावं.

चिंता अंगात कशी उतरते

काम गेल्यावर माणूस नुसता पैशाला मुकत नाही. सकाळी उठायचं कारण जातं, जेवणाची वेळ जाते, चार माणसांत बसणं जातं. रात्री झोप येत नाही. झोप नसली की दाब आणि साखर दोन्ही चढतात, चिडचिड वाढते. तंबाखूची पुडी दिवसाला एक होती ती तीन होते. काहीजण दारूकडे वळतात. बाई सगळ्यांना वाढून स्वतः चहा-बिस्किटावर भागवते, आणि तिचं रक्त कमी झालंय हे कोणाला दिसत नाही.

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं एक गिरणीगाव होतं. गिरणी बंद पडून अख्खं गाव बेकार झालं, तेव्हा मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. १९३३ साली त्यांनी आपला अभ्यास छापला. त्यांना दिसलं, की हातात भरपूर वेळ असूनही पुरुष रस्त्याने सावकाश चालतात, पुनःपुन्हा थांबतात. वाचनालयातून पुस्तकं नेणंही कमी झालं होतं. बायकांचं काम मात्र कमी झालं नव्हतं. कमी पैशात घर त्यांनाच चालवायचं होतं. वाकडच्या बागेत डबा घेऊन बसलेला आपला भाऊ आणि ती माणसं फार वेगळी नाहीत.

म्हणून काही साध्या गोष्टी. काम गेल्याचं घरात पहिल्या आठवड्यातच सांगा. मुलांनाही त्यांना समजेल असं सांगा. उठायची, जेवायची, चालायची वेळ पूर्वीचीच ठेवा. आठवड्यातला एक दिवस कागदपत्रांसाठी ठरवा आणि बाकीचे दिवस काम शोधा, म्हणजे चिंता दिवसभर डोक्यात फिरत राहणार नाही. आहे त्या पैशाचा हिशेब नवरा-बायकोने मिळून वहीत लिहावा. किती महिने पुरतील हे कळलं की भीतीला निदान एक माप मिळतं. खासगी सावकाराचं रोजच्या वसुलीचं कर्ज आणि मोबाइलवरचं झटपट कर्ज, दोन्हीपासून लांब राहा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगणं नकोसं वाटतं असं झालं, तर १४४१६ या 'टेली मानस'च्या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कोणी "माझ्यामागे तुम्ही नीट राहा" असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका.

हात पसरणं नव्हे

"लोक काय म्हणतील" याबद्दल थोडं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ मध्ये, कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे दिलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आजारपण किंवा अपघात आला की कामगाराला सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, यासाठी मालक आणि कामगार दोघांनी आधीच पैसे भरून ठेवायचे, हा त्यामागचा विचार. बेकारीचा भत्ता याच कायद्याच्या छत्राखाली नंतर आला. तो मागताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

अर्ज कसा करायचा

ईएसआयच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने अर्ज भरता येतो. मालकाकडून अर्ज पाठवण्याची गरज आता नाही. ऑनलाइन भरताना कागद जोडले नसतील, तर अर्जाची छापील प्रत सही करून, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्ससह आपल्या शाखा कार्यालयात द्यावी. पोच घ्यायला विसरू नका. पैसे थेट बँक खात्यात येतात. काही अडलं तर १८००-११-२५२६ हा ईएसआयचा मोफत क्रमांक आहे.

जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. आधार, बँक आणि विम्यावरचं नाव एकसारखं आहे का. विम्याच्या नोंदीत दोन वर्षांचे हप्ते दिसतात का. आणि तुमच्या नावावर विमा क्रमांक एकच आहे का. ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच राहायला हवा. पण काही ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवा काढतात, मग हप्ते दोन जागी विभागले जातात आणि दोन वर्षं पूर्ण दिसत नाहीत. ठेकेदाराने हप्तेच भरले नसतील तरी हताश होऊ नका. कायद्याने ठेक्यावरच्या कामगारांचा विमा भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची आहे. पगारपत्रकं घेऊन लेखी तक्रार करा.

आपल्या भावाचं नेमकं हेच निघालं. शेवटच्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढला होता. त्यावर फक्त चौदा महिने दिसत होते, आधीचे सगळे जुन्या क्रमांकावर. पत्नीने पत्र्याच्या पेटीतून जुनी पगारपत्रकं शोधून काढली आणि दोघं मिळून शाखा कार्यालयात गेले. दोन्ही क्रमांक जोडण्याचा अर्ज दिला, भत्त्याचाही दिला, दोन्हींची पोच घेतली. हे लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत. क्रमांक जोडण्याचं काम चालू आहे.

"इतके दिवस काय खाल्लं?" असं तिथे कोणीच विचारलं नाही.

परत येताना ते पॅनेल डॉक्टरांकडे थांबले. दाब मोजला, तो वाढलेलाच होता. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. आता त्या रोज रात्री जेवणानंतर मुलगी मोजून देते, आणि सकाळचा डबा घेऊन बागेत जाणं थांबलं आहे.